शिसं किती लावायचं?

पेण आणि रोहा या दोन गावांचं पोह्यांवर, पापडांवर, रस्त्यांवर आणि उमेदवारांवर एकमत होणं अवघड. गळाने मासे धरण्याच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे पूर्ण एकमत आहे: समोरच्याला त्यातलं काही कळत नाही.

याला भूगोल जबाबदार आहे. पेणच्या पश्चिमेला धरमतरची खाडी, रोह्याच्या अंगणात कुंडलिका. दोन्हीकडे खारं पाणी इतकं जवळ, की इथल्या प्रत्येक माणसाला मासेमारी आपल्या रक्तात आहे असं मनापासून वाटतं. कोळ्याच्या आणि आगऱ्याच्या बाबतीत ते खरंही आहे. पण आयुष्यभर बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या माणसाच्या रक्तात जे काही असतं, त्याच्या गोळ्या त्याला रोज सकाळी नाश्त्यानंतर घ्याव्या लागतात. तरी निवृत्तीचा समारंभ झाला, शाल निघाली, नारळ फुटला, की हा माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे मोबाइलवर अमेरिकेतल्या मासेमारीचे व्हिडिओ बघतो.

त्या व्हिडिओत टोपी घातलेला एक गृहस्थ स्वच्छ बोटीत स्वच्छ पाण्यावर बसून एक चपटा मासा वर काढतो. त्याचं नाव फ्लाउंडर. मासा काढण्याआधी तो गृहस्थ अर्धा तास साहित्यावर बोलतो: दांडी किती फुटांची, रीळ कुठलं, शिसं किती, गळापुढे मणी कोणत्या रंगाचे, मण्यापुढे चकाकणारी पाती असावी की नसावी. आपला निवृत्त माणूस हे सगळं वहीत उतरवून घेतो. मग त्याला प्रश्न पडतो, की आपल्या खाडीत फ्लाउंडर कुठाय? आणि कोणीतरी सांगतं, अहो, आपला लेप म्हणजे त्यातलाच की. तिथून पुढे घरखर्च वाढतो.

लेप हा खरोखरच अभ्यास करण्यासारखा मासा आहे. जन्मतो तेव्हा तो चारचौघांसारखा असतो, एक डोळा डावीकडे आणि एक उजवीकडे. थोडा वाढला की त्याचा एक डोळा जागा सोडतो आणि डोक्यावरून सरकत जाऊन दुसऱ्या डोळ्याच्या शेजारी मुक्काम करतो. मग हा मासा आंधळी बाजू खाली आणि दोन्ही डोळे वर अशा बेताने आयुष्यभर तळाशी आडवा पडून राहतो. आपल्या बाजारात मिळणाऱ्या जिभेच्या आकाराच्या लेपाचे दोन्ही डोळे डाव्या अंगाला असतात. त्याचा मोठा आणि चांगले दात असलेला नातेवाईक म्हणजे भाकस. भाकसाचा सरकणारा डोळा पलीकडे पुरता पोचतच नाही, डोक्याच्या काठावरच थांबतो. 2011 साली चौपदरीकरणाला लागलेल्या मुंबई-गोवा महामार्गाच्या शेजारी राहणाऱ्यांना यात काही नवल वाटत नाही.

नवल डार्विनला वाटलं होतं. हा डोळा हळूहळू सरकला असेल तर अर्धवट सरकलेल्या डोळ्याचा माशाला उपयोग काय, असा एका टीकाकाराने पेच टाकला होता. 1872 साली निघालेल्या आपल्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत डार्विनला त्याचं सविस्तर उत्तर द्यावं लागलं. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत हा प्रश्न इतका लांबला नसता. तिथे मूर्तीच्या डोळ्यांची आखणी हे सगळ्यांत कसबी कारागिराचं काम असतं. लेपासारखे डोळे एखाद्या मूर्तीला काढले असते, तर ती कारखान्याच्या दारातूनच परत आली असती.

तर या तळाशी पडून राहणाऱ्या, वर बघत बसणाऱ्या माशासाठी साहित्य घ्यायचं ठरतं.

मासेमारीच्या साहित्याच्या दुकानात शिरलेल्या माणसाचा पहिला पराभव गळाचे नंबर करतात. 10 नंबरचा गळ 6 नंबरपेक्षा लहान, 6 नंबरचा 2 नंबरपेक्षा लहान. म्हणजे नंबर उतरेल तसा गळ चढतो. हे डोक्यात पक्कं बसेपर्यंत 1 नंबर येतो आणि तिथून सगळा कारभार उलटतो. पुढे 1/0, मग 2/0, मग 3/0, आणि आता नंबर चढेल तसा गळही चढतो. आयुष्यभर व्याजाचे दर तोंडपाठ असलेला माणूस इथे गप्प होतो आणि दुकानदाराला म्हणतो, "मध्यम द्या." दुकानदार हसत नाही. मध्यम मागणाऱ्यांवरच त्याचं दुकान चालतं.

दुसरा पराभव दोरीचा. कोळीवाड्यात तंगूस म्हटलं की काम भागतं. दुकानात तंगुसाचे दहा प्रकार निघतात, शिवाय विणलेली दोरी वेगळी, तिच्या पुढे जोडायचा तुकडा वेगळा, दोन्हीच्या मध्ये फिरणारी कडी वेगळी. तिसरा पराभव मण्यांचा. पिवळे, हिरवे, अंधारात चमकणारे. मासा लांबून बघतो, कुतूहलाने जवळ येतो, असं व्हिडिओत सांगितलेलं असतं, आणि नितळ पाण्यात ते खरंही असेल. धरमतरच्या पाण्यात माशाला स्वतःची शेपटीही दिसत नाही. अंबा आणि भोगावती या नद्यांनी आणलेला गाळ भरती-ओहोटीत दिवसरात्र ढवळला जातो. तिथे पिवळा मणी बघणारे डोळे फक्त दोन, आणि तेही दुकानाच्या काउंटरच्या अलीकडचे.

या साहित्यशास्त्राला आपल्याकडे जुनी परंपरा आहे, हे मात्र मान्य केलं पाहिजे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, 1130 च्या सुमारास, 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद नावाचं एक प्रकरण आहे. मासे कुठले, कुणाला काय खायला घालून जवळ आणावं, काठी आणि दोरी कशी असावी, गळ कसा टाकावा, हे राजाने लिहून ठेवलंय. याचा अर्थ दख्खनमध्ये नऊशे वर्षांपूर्वीही माणूस साहित्यावर बोलत होता. फरक इतकाच, की राजाचं बोलणं दरबार ऐकून घेत असे. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनने 1653 साली गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिलं आणि तिला चिंतनशील माणसाची करमणूक ठरवलं. वॉल्टन रोहेकरांबरोबर होडीत कधी बसला नव्हता.

ती होडी बघण्यासारखी असते. होडी नाखव्याची, बाकीचे पाहुणे. एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब, एक मास्तर, एक धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी केलेले केमिस्ट आणि एक पेणहून आलेले मूर्तिकार. नाखव्याचा शाळकरी नातू मागे वल्ह्याशी. त्याच्या हातात पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली, तिच्यावर तंगूस गुंडाळलेला, टोकाला शिशाचा एक चपटा तुकडा आणि त्याच्या वर एक गळ. मुलाचं सगळं साहित्य ते एवढंच.

होडी धक्क्यापासून सुटते आणि लगेच मुख्य वाद सुरू होतो: शिसं किती लावायचं?

प्रश्न दिसतो तितका बारीक नाही. लेपासारखा तळचा मासा हवा असेल तर आमिष तळालाच टेकलं पाहिजे. टेकण्यासाठी शिसं हवं. शिसं हलकं पडलं तर प्रवाह आमिषाला उचलून नेतो आणि तळचा मासा खालून नुसता बघत राहतो. शिसं जड झालं तर ते चिखलात रुततं आणि ओढताना दोरी तरी तुटते नाही तर माणसाचा स्वभाव. अमेरिकेतला गृहस्थ होडी संथ वाहू देतो आणि त्याचं शिसं वाळूवर टुकटुक आपटत पुढे सरकतं. आपल्याकडे वाळू आहे ती बहुतेक ट्रकमध्ये. तळाला आहे तो चिखल.

मास्तर म्हणतात, आधी तिथी बघा. हे अगदी बरोबर आहे. या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास पाणी भरतं, अष्टमीला सहाच्या, एकादशीला सव्वाआठच्या. पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास उधाण. तेव्हा मुंबईच्या या पट्ट्यात पाणी पाच मीटरच्या घरात चढतं आणि तितक्याच आवेशाने उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी बेताचं आणि ओढ कमी. म्हणजे उधाणाला शिसं जास्त, भांगाला कमी. मास्तर इथे थांबले असते तर होडीत शांतता नांदली असती. पण पाऊणपट म्हटल्यावर त्यांना फळा आठवतो आणि ते नाखव्यालाच विचारतात, "सांगा बरं, दशमीला किती वाजता?" नाखवा खाडीकडे बघून सांगतो, "आता उतरतंय पानी." गणित सुटलेलं असतं, पण गुण कुणाला द्यायचे ते मास्तरांना कळत नाही.

साहेबांचा या हिशेबाला आक्षेप असतो, कारण ते रोह्याचे. कुंडलिकेला नुसता चंद्र पुरत नाही. घाटमाथ्यावर मुळशीच्या धरणात अडवलेलं पाणी डोंगरातून खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं. टाटांचं हे केंद्र 1927 पासून चालू आहे. वीज करून झालेलं पाणी कुंडलिकेत उतरतं. याच पाण्यावर कोलाडला शहरी पाहुणे सकाळी रबरी तराफ्यांत बसून किंचाळतात. वरून टाटा आणि खालून चंद्र अशा दोघांच्या मधे रोह्याची नदी वाहते. मुंबईत विजेची मागणी वाढली की इकडे पाण्याचं वेळापत्रक हलणार. तेव्हा नुसतं पंचांग बघून रोहेकराचं भागत नाही, हे साहेबांचं म्हणणं अगदी खरं. मात्र या क्षणी होडी धरमतरच्या खाडीत असते, ही बाब कुणी त्यांच्या लक्षात आणून देत नाही, कारण चहाचा थर्मास त्यांच्याकडे असतो.

केमिस्ट शिशाच्या घनतेवर बोलतात. मूर्तिकार काही बोलत नाहीत. ते गाठ मारत असतात. गळाची गाठ मारावी तर पेणच्या माणसाने. वर्षभर हाताला सवय असते ती घाईत काम न करण्याची. बाकीच्यांच्या गाठी सुटत असताना मूर्तिकारांची एकही गाठ सुटत नाही. त्यांची अडचण वेगळी असते. गाठ मनासारखी झाल्याशिवाय ते गळ पाण्यात सोडत नाहीत, आणि तोवर ओहोटी लागलेली असते.

नाखवा शेवटी एकच सूचना करतो. "साहेब, तुमचा गोल शिसा काडा. खालती चिखोल हाय, गोल बसला की वर यायचा नाय. चपटा लावा." आणि गळाबद्दल विचारलं तर म्हणतो, "किंमत मावऱ्याला वाचता येत नाय." ही दोन वाक्यं त्या अर्ध्या तासाच्या व्हिडिओत नव्हती.

मग गळ पडतात. बोंबलाचा तुकडा आमिष म्हणून लावणाऱ्याला लवकरच कळतं, की बोंबील गळावर राहायला तयार नसतो, पाण्याला लागला की तो आपल्या वाटेने जातो. कोलंबी टिकते. जिवंत कोलंबी सगळ्यांत चांगली, पण ती लावताना चारपैकी तीन कोलंब्या होडीच्या तळाशी उड्या मारत असतात आणि मास्तर पाय वर घेऊन बसलेले असतात. तेवढ्यात डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे जाणारा बार्ज बाजूने जातो, लाट येते, पाचही दोऱ्या एकत्र येतात आणि चिंतनशील माणसाची करमणूक कात्रीने सोडवावी लागते.

आणि मग मासा लागतो. लेप? नाही. शिंगाळी.

शिंगाळी ही खाडीची स्थानिक स्वराज्य संस्था आहे. कुठलाही गळ, कुठलंही आमिष, कुठलीही तिथी असो, हजर राहण्याचा हक्क तिचा. तिच्या पाठीवरचा आणि दोन बाजूंचा काटा विषारी असतो. लागला तर हात ठणकतो आणि घरी सगळ्यांना सांगावं लागतं. म्हणून शहाणा माणूस तिला फडक्यात धरून किंवा पक्कडने सोडवतो आणि अगदीच गिळलं असेल तर दोरी कापून मोकळा होतो. आयात केलेला गळ अशा प्रसंगी तिच्याकडेच राहतो.

लेप गळाला का लागत नाही, याचं उत्तर त्याच्या तोंडात आहे. तोंड लहान, वाकडं आणि खालच्या अंगाला. तळातले किडे आणि बारीक कोलंबीसारखे जीव टिपायला तेवढं पुरतं. त्याच्यासाठी गळ बारीकच हवा आणि तो घेऊन बसणाऱ्याला संयम मोठा हवा. म्हणून कोळ्यांनी हा उद्योग कधी केला नाही. लेप जाळ्यात येतो, डोलीत येतो, टोपलीत येतो आणि रव्यात घोळून तव्यावर येतो. मधे एकच सरळ काटा, पोरंसुद्धा बिनधास्त खातात. 2023 साली राज्यमासा होण्याचा मान पापलेटला मिळाला तेव्हा लेपाचं नावही कुणी घेतलं नसेल. आडवा पडून वर बघत राहणाऱ्याला असे मान मिळत नाहीत.

खरं तर होडीत कुणाच्याच मनात लेप नसतो. मनात असतो जिताडा. पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात जिताडा हा मासा कमी आणि चलन जास्त. जावई येणार असला की जिताडा, अडलेलं काम सुटावं म्हणून साहेबाच्या घरी पोचवायचा तोही जिताडाच, असं जुने लोक सांगतात. या माशाची एक खुबी आहे. तो नर म्हणून मोठा होतो आणि पुढे मादी होतो. ज्या पट्ट्यात माणसं एका निवडणुकीत तीन झेंडे धरतात, तिथे या बदलाकडे कुणी वर मान करून बघत नाही. जिताडा खारबंदिस्तीच्या उघाड्यांजवळ, भरतीच्या तोंडावर, जिवंत कोलंबीला येतो, आणि येतो तेव्हा साहित्याची खरी परीक्षा होते. तोवर मात्र ते साहित्य म्हणजे नुसती पिशवी.

साहित्याशिवायची मासेमारी बघायची असेल तर पहिल्या जोराच्या पावसात वलगणीला जावं. त्या रात्री नदीतले मासे प्रवाहाविरुद्ध चढून शेतांत आणि ओढ्यांत अंडी घालायला निघतात. बॅटरी, काठी, मच्छरदाणी, टोपली आणि हात, एवढ्यावर गावं मासे भरून आणतात. त्याच सुमाराला 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात बंदी असते आणि महागडी दांडी घरात कपाटावर उभी असते. वलगणीत सापडणारे मासे अंड्यांनी भरलेले असतात, म्हणून हात थोडे आवरावेत हेही खरं. पण हे सांगायला गेलेल्या माणसाला त्या रात्री कुणी टोपलीभर मासे देत नाही, आणि त्याच्या तत्त्वांची तिथेच कसोटी लागते.

आता मुख्य प्रश्नाचं उत्तर, कारण साहित्यात पैसे घातलेल्या माणसाला ते मिळालंच पाहिजे. व्हिडिओवाला गृहस्थ चुकत नाही. त्याचं साहित्य त्याच्या तळाला, त्याच्या पाण्याला आणि त्याच्या माशाला बरोबर बसतं. चूक होते ती आपण माशाचं नाव बघून खरेदी करतो तेव्हा. आमच्या खाडीत कुठला मासा लागणार हे आपण ठरवत नसतो. ठरलेलं असतं ते एवढंच: खाली चिखल आहे, पाणी गढूळ आहे आणि ओढ तिथीप्रमाणे बदलणार आहे. खरेदी या तीन गोष्टींना विचारून करावी.

म्हणजे शिसं चपटं घ्यावं, दोन-तीन वजनांचं, उधाणाला जड आणि भांगाला हलकं. दोरी तळाला टेकल्याचं बोटाला कळलं की तेवढं वजन बास. शिशापासून गळ हातभर अंतरावर, त्याहून लांब नको, नाही तर आमिष तरंगतं. गळ बारीक आणि मध्यम दोन्ही ठेवावेत, कारण खरबी आणि शिंगाळी एकाच मापाचं तोंड घेऊन येत नाहीत. मण्यांचे पैसे कोलंबीत घालावेत. फडकं, पक्कड आणि कात्री विसरू नये. होडीत बसताना जॅकेट घालावं. रक्तात मासेमारी असली तरी पोहणं असेलच असं नाही.

नाखव्याच्या नातवाच्या बाटलीत हे सगळं होतं, जॅकेट सोडून. त्यालाही शिंगाळीच लागली. फरक इतकाच, की त्याला शिंगाळीच हवी होती, आणि घरी तिचं आंबट करणारी आजी होती.

तेव्हा पेणकरांनो आणि रोहेकरांनो, दांडी जरूर घ्या, रीळ घ्या, हौसेला मोल नाही. पण लेपच खायचा असेल तर गळाच्या नादी न लागता सकाळी लवकर मासळीबाजार गाठा आणि कोळणीशी घासाघीस करा. त्या कामाला शिसं अजिबात लागत नाही.